चारिझार्ड ५८, ऑडिश १४

मे महिन्यात घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला तर आईच्या लोणच्याच्या बरण्यांमागे एका बुटाच्या खोक्यात माझा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी, म्हणजे हातात धरून खेळायचा निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम, सापडला. आतेभावाने दुबईहून आणलेला, मी शाळेत असताना, बिजागरीपाशी तडा गेलेला, आणि आत पोकेमॉन फायररेडची कॅसेट तशीच खोचलेली, म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून, वाढवून लढवायचा गेम. बॅटरी अर्थात मेलेली. एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो, तिथे पहिल्या दुकानदाराने "हे आता म्युझियममध्ये द्या" म्हणून हाकललं, तिसऱ्याने ड्रॉवर उपसून बॅटरी काढून दिली आणि चार्जरचं पण काम झालं कारण एसपीला आणि पहिल्या निन्टेन्डो डीएसला एकच चार्जर चालतो आणि तो त्याच्याकडे पडून होता.

मला वाटलेलं सेव्ह उडालं असणार. पण फायररेडच्या कॅसेटमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, सेव्ह फ्लॅश मेमरीत बसतं, त्यामुळे इतक्या वर्षांनी पण कंटिन्यू दिसलं आणि मी ग्रँट रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या येड्यासारखा हसलो.

मग माझ्या सहा पोकेमॉनची टीम उघडली आणि हसू गेलं.

चारिझार्ड लेव्हल ५८. पिजिओटो २४. पिकाचू १७. लॅप्रस २५, म्हणजे सिल्फ कंपनीत फुकट मिळतो तेव्हा जेवढा असतो तेवढाच, एक लेव्हल पण वर नाही. डिग्लेट २१. आणि ऑडिश, बिचारं ऑडिश, १४. ते टीममध्ये का होतं तर झाडं कापायला कट आणि गुहेत उजेडाला फ्लॅश, बस. म्हणजे टीम कसली, एक पैलवान आणि त्याचं सामान उचलणारे पाच हमाल. आठही जिमचे मास्तर हरवून बॅज घेतलेले, व्हिक्टरी रोडची गुहा पार केलेली, मी थेट इंडिगो प्लॅटोच्या दारात एलीट फोरसमोर, म्हणजे शेवटी ओळीने हरवायच्या चौघा दांडग्यांसमोर, उभा, आणि तिथेच बारा-तेरा वर्षांच्या मी गेम सोडून दिलेला.

का सोडला ते दुसऱ्या दिवशी कळलं. आत गेलो, पहिलीच लोरेलाय, तिचे पाच पोकेमॉन ५१ ते ५४ चे, त्यातले चार पाण्याचे. माझा आगीचा चारिझार्ड त्यांच्यापेक्षा लेव्हलने मोठा असून पण तिच्या ड्यूगाँगने एक सर्फ मारला की अर्धा व्हायचा. ड्यूगाँग गेला, क्लॉयस्टर गेला, स्लोब्रोने काम तमाम केलं. मागे उभे पाच जण एकेका फटक्यात आडवे. दोन मिनिटांचा खेळ. आणि समजा लोरेलाय पार केली असती तरी आतमध्ये एकदा शिरलं की मध्ये पोकेमॉन सेंटर, म्हणजे त्यांचा दवाखाना, नाही, चारिझार्डचा फ्लेमथ्रोवर पंधरा वेळा मारता येतो, संपला की संपला. एकट्याने हे होणारच नाही असं बनवलंय.

लहानपणी हे असं का झालं ते मला नीट आठवतं. आमच्या बिल्डिंगमध्ये क्रिकेटचा नियम होता, ज्याची बॅट त्याची बॅटिंग. माझा चारिझार्ड मारायचा, मला मजा यायची, तो जिंकायचा म्हणून त्यालाच पाठवायचो आणि त्यालाच पाठवायचो म्हणून तोच जिंकायचा. पहिल्या जिमच्या ब्रॉकचा ऑनिक्स १४ चा असतो आणि आगीच्या चारमँडरला (चारिझार्ड आधी चारमँडर असतो, मग चारमेलियन) तो जड जातो, तिथेच खरं म्हणजे दुसरा कुणीतरी तयार करायला हवा होता, मी काय केलं तर चारमँडरलाच गवतात फिरवून फिरवून चारमेलियन केला आणि ऑनिक्सला ठोकला. प्रत्येक जिमला हाच फॉर्म्युला. आठ जिम निभावलं, आता नाही.

नवीन गेम सुरू करू शकलो असतो. पण फायररेडमध्ये सेव्ह एकच राहतं, नवीन चालू करून सेव्ह केलं की जुनं गेलं, आणि ते मला जीवावर आलं. म्हटलं हेच पोरं सरळ करू.

मी बोरिवलीचा, ऑफिस चर्चगेटला. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, हाच माझा खेळायचा वेळ. आमचा सकाळच्या गाडीला ग्रुप आहे, सहा-सात जण, त्यात एक काका आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, पत्ते नाही मिळाले तर दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये बघत बसणारे. तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "काय रे, हा लाल डायनासोर एकटाच लढतोय, बाकीचे काय नुसता पास काढून बसलेत?"

मी सांगितलं सगळं, म्हणजे हा ५८, तो १४, आता सगळ्यांना पन्नाशीला न्यायचंय वगैरे. काकांना लेव्हल म्हणजे काय ते कळलं नाही पण हे कळलं की एकच जण सगळं खातोय. म्हणाले, "मग बांद्र्याला उठव ना त्याला."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या ग्रुपमध्ये बोरिवलीहून बसून आलेला बांद्रा आलं की उठतो आणि मालाड-अंधेरीहून उभा आलेला बसतो. कुणी सांगावं लागत नाही. नवीन माणूस उठला नाही तर त्याच्याकडे फक्त बघतात.

आणि गंमत म्हणजे गेममध्ये नेमकं हेच करायचं असतं. जो सगळ्यात खालचा तो लिस्टमध्ये पहिला ठेवायचा, लढाई सुरू झाली की तो बाहेर येतो, पहिल्याच टर्नला त्याला आत घ्यायचा आणि दांडग्याला पाठवायचा. दांडगा मारतो, पण तोंड दाखवलेल्या प्रत्येकाला एक्सपीचा, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा, समान वाटा मिळतो. एक टर्न जातो, आत येणारा एक फटका खातो, बाकी काही नाही. फक्त बेशुद्ध पडलेल्याला वाटा नाही, म्हणून समोरचा जास्त चपळ असेल तरी बदली करताना काळजी नाही कारण बदली आधी होते, पण ऑडिशला "एकदा मारून बघू" म्हणून ठेवायचा मोह झाला की मेलाच. मला तो मोह पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा झाला.

आता यातला हिशोब जरा सांगतो कारण मला तो कळल्यावर सगळा ग्राइंड सोपा वाटायला लागला. फायररेडमध्ये एक्सपी हा हरलेल्याच्या जातीवर आणि त्याच्या लेव्हलवर ठरतो, जिंकणाऱ्याच्या लेव्हलचा काही संबंध नाही. समजा जंगलातला ४२ लेव्हलचा मचोक हरवला तर ८७६ मिळतात, ट्रेनरचा, म्हणजे गेममधल्या दुसऱ्या खेळाडूचा, असेल तर त्याच्या दीडपट. दोघांत वाटले तर ४३८-४३८. आता पिकाचूला १७ वरून १८ ला जायला ९१९ लागतात, म्हणजे असे दोन-तीन मचोक आणि झाली लेव्हल. चारिझार्डला ५८ वरून ५९ ला जायला साडेदहा हजारांच्या वर लागतात, त्याला ४३८ म्हणजे चहात पडलेलं बिस्किट. म्हणजे वाटा सारखा दिला तरी खालचा धावत वर येतो आणि वरचा जागच्या जागी. समान करायला वरच्याचं काही काढून घ्यावं लागत नाही, फक्त खालच्याला दारापर्यंत न्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, सगळ्यांची लेव्हल सारखी म्हणजे मेहनत सारखी असं नाही. प्रत्येक जातीचा वाढायचा वेग वेगळा आहे. पन्नासाव्या लेव्हलला पोचायला पिकाचूला एकूण १,२५,००० एक्सपी लागतो, पिजिओटोच्या घराण्याला १,१७,३६० आणि लॅप्रसला १,५६,२५०. लॅप्रस हे आमच्या ऑफिसातल्या त्या माणसासारखं, काम पक्कं करणार पण फाइल महिनाभर टेबलावर. मला हे माहीत नसताना वाटत होतं की मीच लॅप्रसला कमी वेळ देतोय, मग वहीत लिहायला लागलो, होय, वही केली, बायको बघून काही बोलली नाही फक्त भुवया वर केल्या, आणि वहीत दिसलं की लॅप्रसला सगळ्यात जास्त लढाया मिळाल्यात तरी तो मागे.

पहिले दोन आठवडे गेममधल्या व्हर्मिलियन शहराच्या आसपास काढले. तिथल्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक बाई व्हीएस सीकर देते, लहानपणी मी तिच्याशी बोललोच नव्हतो, मला वाटायचं ही माणसं शोभेला असतात. ते यंत्र शंभर पावलं चाललं की चार्ज होतं, लावलं की आजूबाजूच्या, आपण आधी हरवलेल्या ट्रेनरांच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि ते परत लढतात. जंगलातल्यापेक्षा दीडपट एक्सपी आणि वर पैसे. मग काय, शंभर पावलं, सीकर, चार लढाया, शंभर पावलं, सीकर. जोगेश्वरी ते दादर असंच.

ऑडिश २१ ला ग्लूम झालं, म्हणजे त्याचं पुढचं रूप. डिग्लेट २६ ला डगट्रिओ, आणि पिशवीत शेवटच्या जिमच्या जिओव्हानीने दिलेलं अर्थक्वेक, भूकंपाची मूव्ह, तसंच पडलेलं, ते त्याला शिकवलं तर दुसऱ्या दिवसापासून डगट्रिओ स्वतःच दांडगा झाला. दुसऱ्या एका जिमच्या एरिकाने दिलेलं गिगा ड्रेन पण न वापरता पडलेलं, ते ग्लूमला. कट आणि फ्लॅश विसरायला फुशियाला जावं लागतं, मूव्ह डिलीटरकडे, हे एचएम, म्हणजे रस्ता काढायच्या खास मूव्ह, असे सुटत नाहीत. पिकाचूला त्याचा रायचू करणारा थंडर स्टोन द्यायची घाई केली नाही कारण २६ ला थंडरबोल्ट येतो आणि रायचू झाल्यावर लेव्हल वाढून नवीन काही शिकत नाही. २६ झाला, थंडरबोल्ट आला, सेलाडनच्या दुकानातून दगड आणला, रायचू. त्या दिवशी काकांना दाखवलं तर म्हणाले, "जाड झाला." बरोबर होतं.

आणि इथे खरा बदल झाला. आता चारिझार्डची गरजच उरली नाही. डगट्रिओ ग्लूमला सांभाळायचा, रायचू लॅप्रसला, पिजिओटो ३६ ला पिजॉट झाला तो कुणालाही. चारिझार्डला मी लिस्टच्या शेवटी टाकला आणि तो तिथे महिनाभर नुसता बसून होता. मी नियम असा केला की जो सगळ्यात खाली तो पुढे, आणि तो त्याच्या वरच्याच्या दोन लेव्हल पुढे गेला की खिडकी सोडायची. दोन, एक नाही. एक ठेवलं तर दर पाच मिनिटांनी लिस्ट बदलत बसावं लागतं आणि खेळ सोडून हजेरीपट सांभाळल्यासारखं होतं.

एक्सपी शेअर नावाच्या वस्तूची आठवण मला उशिरा आली. रूट १५ च्या गेटवर वरच्या मजल्यावर प्रोफेसर ओकचा माणूस बसतो, पन्नास जाती पकडलेल्या असतील तरच देतो. माझ्या ३४. पण उत्क्रांत झालेले पण मोजतात, म्हणजे ग्लूम, डगट्रिओ, रायचू, पिजॉट अशा चार तर घरच्या घरी निघाल्या, मग लीफ स्टोन देऊन व्हाइलप्लूम पाच, बाकीच्या अकरांसाठी दोन दिवस गवत तुडवलं. मिळाल्यावर ते लॅप्रसच्या गळ्यात बांधलं आणि विषय संपवला. ज्याच्याकडे ते असतं त्याला न लढता अर्धा एक्सपी, उरलेला अर्धा लढणाऱ्यांत.

भाचा आला होता मध्ये राहायला, सातवीत आहे, त्याच्याकडे निन्टेन्डोचा स्विच आहे. माझी वही बघून म्हणाला, "मामा, तू हे हाताने करतोयस? आमच्यात सगळ्यांना आपोआप मिळतं." खरं आहे. २०१३ च्या पोकेमॉन एक्स आणि वाय पासून एक्सपी शेअर चालू केलं की सगळ्या टीमला, लढणाऱ्याला पूर्ण आणि बाकीच्यांना अर्धा, आणि २०१९ च्या स्वोर्ड-शील्डमध्ये तर ते बंदच करता येत नाही. मी त्याला म्हटलं मग तुला कळतं का कोण किती लढलं, तर म्हणाला कळून काय करायचंय. याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. मी फक्त एवढं बघितलं की त्याच्या टीममध्ये पण एक जण ७१ आणि बाकीचे पंचावन्नच्या खाली. आपोआप वाटलं तरी आवडता तो आवडताच.

जुलैमध्ये पाऊस लागला आणि माझं भलं झालं. एक दिवस पाणी भरलं म्हणून गाडी माहीम आणि बांद्र्याच्या मध्ये पाऊण तास उभी, लोक फोनवर घरी ओरडतायत, कुणी रुळावर उतरून चालायला लागलं, आणि मी गेममधल्या वन आयलंडच्या किंडल रोडवर व्हाइलप्लूमला तीन लेव्हल वर काढलं. त्या तीन लेव्हल गेल्या. एसपीवर हिरवा दिवा असतो, बॅटरी संपत आली की लाल होतो, तो लाल झालेला मला दिसला होता, म्हटलं ही एक लढाई आणि सेव्ह करतो. स्क्रीन काळी. शेजारच्या माणसाने दचकून बघितलं कारण मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून प्रत्येक स्टेशनला सेव्ह, गाडी थांबली की हात आपोआप स्टार्टवर जातो.

आणखी एक झोल सांगतो, तो शेवटी कळला. समान लेव्हल म्हणजे समान ताकद नाही. डगट्रिओ ४६ ला पण कागदाचाच. चपळ इतका की आधी मारणार, पण एक फटका बसला की गेला. लॅप्रस त्याच्याहून दोन लेव्हल खाली असून तीन फटके झेलणार. म्हणून शेवटी शेवटी मी आकडे सारखे करायचं थोडं सोडलं, डगट्रिओ आणि रायचूला दोन-दोन लेव्हल जास्त दिल्या. हे वहीतून नाही कळत, मार खाऊनच कळतं.

या तयारीनंतर पहिल्यांदा एलीट फोरला गेलो तेव्हा सगळे ४६ च्या आसपास. लोरेलायला रायचूने एकट्याने धुतलं, फक्त जिंक्सला चारिझार्ड लागला. ब्रूनोचे दोन ऑनिक्स व्हाइलप्लूमने गिगा ड्रेनमध्ये चोखून काढले, मारामारीवाल्यांना पिजॉट. मग अगाथा. विषारी पोकेमॉन म्हटल्यावर मी मोठ्या रुबाबात डगट्रिओला पुढे केला, अर्थक्वेक मारला, आणि गेंगारवर काहीच नाही. लेव्हिटेट! तो जमिनीला टेकतच नाही. हाँटर पण नाही. गोल्बॅट उडतो. तिच्या पाचांत माझ्या भूकंपाचा उपयोग एका आर्बोकवर. तिथे माझी वाट लागली, आणि चूक लेव्हलची नव्हतीच, डोक्याची होती. पण हरलो तरी कमावलेला एक्सपी राहतो, त्यामुळे बाहेर आलो तेव्हा रायचू एक लेव्हल वर. दुसऱ्या वेळी चौघांतल्या शेवटच्या लान्सच्या एरोडॅक्टिलपाशी गेलो आणि हरलो, परत थोडं वर. म्हणजे हरणं पण क्लाससारखंच, फी भरून.

तिसऱ्यांदा गणपतीच्या आदल्या रात्री, घरात मखर चिकटवून झालं होतं, सगळे झोपलेले, मी स्वयंपाकघरात. लान्सच्या ग्याराडोसला रायचूचा एक थंडरबोल्ट पुरला. त्याचा ड्रॅगोनाइट ६० चा आणि समोर माझं लॅप्रस ४९, अकरा लेव्हलचा फरक, पण आइस बीम त्याला चौपट लागतो आणि तो एका फटक्यात बसला. मी टाळी वाजवणार होतो, हात वरच्या वर धरला.

चौघांनंतर येणारा चॅम्पियन म्हणजे गेममधला आपला तोच लहानपणीचा दोस्त-कम-दुश्मन, त्याच्या अलाकझॅमने व्हाइलप्लूमला उडवलं, म्हणजे ज्याला त्याच्या ब्लास्टॉइजसाठी राखून ठेवलं होतं तेच आधी गेलं. पिजॉट गेला, डगट्रिओ गेला. चारिझार्ड बराच वेळ टिकला आणि मग तोही. ब्लास्टॉइज ६३. माझ्याकडे उरले रायचू आणि लॅप्रस, रायचूची एचपी, म्हणजे जीवाची, पट्टी लाल. एक थंडरबोल्ट, त्याने चावा घेतला, रायचू वाचला, कसा माहीत नाही, दुसरा थंडरबोल्ट.

हॉल ऑफ फेममध्ये एकेक जण येतो आणि लेव्हल दिसते. चारिझार्ड ६०. म्हणजे तीन महिन्यांत दोन लेव्हल. रायचू ५२, डगट्रिओ ५२, पिजॉट ५१, व्हाइलप्लूम ५०, लॅप्रस ४९.

गणपतीच्या सुट्टीनंतर गाडीत काकांना सांगितलं. त्यांनी मोदकाचा डबा पुढे केला आणि विचारलं, "मग तो लाल शेवटी उठला का?"

म्हटलं उठला, अंधेरीलाच.

"आणि तो निळा, मागे राहिलेला?"

लॅप्रस अजून एक लेव्हल मागे आहे. पन्नासला फार नाही राहिलं, सात हजारच्या आसपास. आज संध्याकाळी मालाडपर्यंत व्हायला हवं.